औषधांच्या दुष्परिणामांचा माग : लाखो नोंदींतून धोक्याचा संकेत कसा सापडतो?

बसवनगुडी (बंगळुरू) : मासिक पाळीतील वेदना, दातदुखी, अंगदुखी किंवा ताप यांवर देशभर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिड या वेदनाशामकाबाबत ३० नोव्हेंबर २०२३ रोजी एक सावधगिरीची सूचना प्रसृत झाली. ती देणारी संस्था होती गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन, म्हणजेच भारतीय औषधकोश आयोग. या औषधामुळे ‘ड्रेस सिंड्रोम’ ही गंभीर ॲलर्जीजन्य प्रतिक्रिया उद्भवण्याची शक्यता असून डॉक्टरांनी आणि रुग्णांनी तिच्यावर लक्ष ठेवावे, असे आयोगाने सुचविले होते.

हे औषध नवे नव्हते. कित्येक दशके ते वापरात आहे. बसवनगुडीतील गांधी बाजार असो किंवा पुण्यातील लक्ष्मी रस्ता, ते न ठेवणारे औषध दुकान क्वचितच आढळेल. मग इतक्या जुन्या औषधाचा धोका इतक्या उशिरा का नोंदला गेला? त्याचे उत्तर देशभरातील रुग्णालयांतून गोळा झालेल्या नोंदींत आणि त्या नोंदी चाळण्याच्या पद्धतीत आहे. आयोगाची सूचना याच राष्ट्रीय माहितीसाठ्याच्या प्राथमिक विश्लेषणावर आधारलेली होती.

विखुरलेल्या नोंदी एकत्र आणून, संख्याशास्त्राच्या साहाय्याने त्यांतून संशयास्पद जोड्या शोधण्याच्या या पद्धतीला डेटा मायनिंग म्हणतात. खाणीतून माती उपसून धातू वेगळा करावा, तसे हे काम आहे. मात्र खाणीत मुळात धातू असावा लागतो. दुष्परिणामाची नोंदच झाली नसेल, तर कितीही प्रगत संगणक तो शोधू शकत नाही. भारतातील औषधदक्षतेपुढील खरा प्रश्न हाच आहे.

चाचण्यांत का कळत नाही?

कोणतेही औषध बाजारात येण्यापूर्वी त्याच्या मानवी चाचण्या होतात. या चाचण्यांत बहुधा काही शे ते काही हजार व्यक्ती सहभागी असतात. त्यांची निवड काटेकोर निकषांवर होते. गर्भवती, अतिवृद्ध, मूत्रपिंड वा यकृताचे विकार असलेले आणि एकाच वेळी अनेक औषधे घेणारे रुग्ण सहसा वगळले जातात. चाचणीचा कालावधीही मर्यादित असतो.

संख्याशास्त्रात ‘तीनचा नियम’ म्हणून एक सोपा ठोकताळा आहे. ३,००० जणांना औषध दिले आणि एकालाही विशिष्ट दुष्परिणाम झाला नाही, तर त्याचा अर्थ तो दुष्परिणाम होतच नाही असा नव्हे. त्याचे प्रमाण हजारात एकापेक्षा अधिक नसावे, एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. दहा हजारांत एकाला होणारा दुष्परिणाम किमान एकदा दिसण्याची तितकीच खात्री हवी असेल, तर सुमारे ३०,००० जणांवर चाचणी करावी लागेल. एवढी मोठी चाचणी क्वचितच होते. परिणामी दुर्मीळ धोके औषध लाखो लोकांपर्यंत पोहोचल्यानंतरच उघड होतात.

या जाणिवेची किंमत जगाने थॅलिडोमाइडच्या रूपाने मोजली. १९५७ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले हे झोपेचे औषध गर्भवतींना मळमळीवरही दिले जाई. त्यामुळे हातपाय अपूर्ण वाढलेली सुमारे १०,००० वा त्याहून अधिक बालके जगभरात जन्मली. १९६१ च्या अखेरीस जर्मनीतील विदुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातील विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे धोक्याची सूचना दिली आणि औषध मागे घेतले गेले. वेगवेगळ्या देशांतील डॉक्टरांची निरीक्षणे एकत्र आली असती तर हा संबंध आधीच लक्षात आला असता, हा त्यातून मिळालेला धडा होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय औषध निरीक्षण कार्यक्रम सुरू केला. १९७८ पासून त्याचे तांत्रिक काम स्वीडनमधील उप्साला येथील केंद्र पाहते.

परळ ते गाझियाबाद

भारत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात सामील झाला. प्रारंभी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था हे राष्ट्रीय केंद्र होते, तर मुंबईतील केईएम रुग्णालय आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय ही विशेष केंद्रे होती. या पहिल्या प्रयत्नाला फारसे यश आले नाही, कारण अहवाल पाठविण्याची सवयच डॉक्टरांमध्ये नव्हती.

२००४ च्या अखेरीस केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या अखत्यारीत राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम जाहीर झाला. त्यात देशाचे दोन विभाग पाडण्यात आले. नैर्ऋत्य विभागाची जबाबदारी परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयाच्या चिकित्सालयीन औषधशास्त्र विभागाकडे, तर ईशान्य विभागाची दिल्लीच्या ‘एम्स’कडे होती. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्यावर चाललेला हा कार्यक्रम निधी संपल्यावर थंडावला.

सध्याचा ‘फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया’ जुलै २०१० मध्ये ‘एम्स’मधून सुरू झाला. एप्रिल २०११ मध्ये त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे गेले आणि कार्यक्रमाला स्थायी बैठक मिळाली. पहिल्या टप्प्यात २२ निरीक्षण केंद्रे होती. आज सरकारी व खासगी वैद्यकीय महाविद्यालये आणि मोठी रुग्णालये मिळून अशी शेकडो केंद्रे देशभर कार्यरत आहेत. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयोगाला औषधदक्षतेसाठीचे सहयोगी केंद्र म्हणून मान्यता दिली.

एका नोंदीचा प्रवास

नोंद कशी पुढे सरकते, हे एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेता येईल. बसवनगुडीतील एखाद्या रुग्णाला वेदनाशामक घेतल्यानंतर काही आठवड्यांनी ताप आला, अंगावर पुरळ उठले, चेहरा सुजला. त्याने जवळच्या रुग्णालयात धाव घेतली. तेथील डॉक्टरला औषधाचा संशय आला, तर तो ‘संशयित औषध प्रतिक्रिया’ हा विहित अर्ज भरून निरीक्षण केंद्राकडे पाठवू शकतो. बंगळुरूत व्हिक्टोरिया रुग्णालयाशी संलग्न बंगळुरू वैद्यकीय महाविद्यालय, सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय अशा संस्थांत ही केंद्रे आहेत.

नोंद ग्राह्य ठरण्यासाठी चार गोष्टी किमान आवश्यक असतात : रुग्णाची ओळख पटेल असा तपशील, नोंद करणारी व्यक्ती, संशयित औषध आणि प्रत्यक्ष दिसलेली प्रतिक्रिया. रुग्णाचे पूर्ण नाव लागत नाही. आद्याक्षरे, वय आणि लिंग पुरेसे असते. ‘संशय’ हा येथे कळीचा शब्द आहे. औषधामुळेच त्रास झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी नोंद करणाऱ्यावर नसते. नोंद केली म्हणजे डॉक्टरने चूक कबूल केली, असाही तिचा अर्थ होत नाही.

निरीक्षण केंद्रातील तज्ज्ञ नोंद तपासतात, त्रुटी असल्यास मूळ डॉक्टरकडे विचारणा करतात आणि कार्यकारणसंबंधाचा प्राथमिक अंदाज बांधतात. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेल्या ‘निश्चित’, ‘संभाव्य’, ‘शक्य’, ‘असंभाव्य’ अशा श्रेणी वापरल्या जातात. १९८१ मध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची नारान्हो मापनश्रेणीही प्रचलित आहे. औषध घेतल्यानंतरच त्रास सुरू झाला का, औषध बंद केल्यावर तो ओसरला का, पुन्हा दिल्यावर परत उद्भवला का, त्रासाला दुसरे कारण असू शकते का, अशा प्रश्नांना त्यात गुण दिले जातात.

यानंतर नोंद संगणकीय प्रणालीद्वारे गाझियाबादला जाते. गुणवत्तेची पुन्हा तपासणी होऊन ती उप्साला येथील ‘व्हिजिबेस’ या जागतिक माहितीसाठ्यात समाविष्ट होते. या साठ्यात जगभरातील ३ कोटींहून अधिक नोंदी आहेत. २०२३ मध्ये आयोगाने ‘एडीआरएमएस’ ही स्वतःची नोंद प्रणालीही सुरू केली. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांसाठी देशात वेगळी यंत्रणा आहे, तर आयुर्वेद, सिद्ध, युनानी व होमिओपॅथी औषधांसाठी आयुष मंत्रालयाने २०१८ पासून स्वतंत्र औषधदक्षता कार्यक्रम चालविला आहे.

संगणक नेमके काय शोधतो?

लाखो नोंदी एकेक करून वाचणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. शिवाय नुसती संख्या मोजून भागत नाही. एखाद्या औषधाच्या ५०० नोंदी आहेत आणि दुसऱ्याच्या २०, एवढ्यावरून पहिले अधिक घातक ठरत नाही. कदाचित पहिले औषध कोट्यवधी लोक घेत असतील आणि दुसरे मोजकेच. ते किती जणांनी घेतले, हा आकडा अशा माहितीसाठ्यात नसतोच.

यावर काढलेला तोडगा म्हणजे प्रमाणांची तुलना. एखाद्या औषधाच्या सर्व नोंदींपैकी किती नोंदी विशिष्ट त्रासाच्या आहेत, हे प्रथम पाहायचे. मग इतर सर्व औषधांच्या नोंदींत त्याच त्रासाचे प्रमाण किती, हे पाहायचे. पहिल्या प्रमाणाला दुसऱ्याने भागले की जे गुणोत्तर येते, त्याला ‘पीआरआर’ म्हणतात. ब्रिटनमधील स्टीफन इव्हान्स, पॅट्रिक वॉलर आणि सू डेव्हिस यांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली.

त्यांनी दिलेले रिफाब्युटिनचे उदाहरण बोलके आहे. क्षयरोगाच्या औषधांच्या कुळातील या औषधाबाबत ब्रिटनच्या माहितीसाठ्यात केवळ ५५ प्रतिक्रिया नोंदल्या होत्या. त्यांपैकी ४१ युव्हिआयटिसच्या, म्हणजे डोळ्याच्या आतील पटलाला येणाऱ्या सुजेच्या होत्या. हे प्रमाण सुमारे ७५ टक्के होते. उर्वरित सर्व औषधांच्या सुमारे ५ लाख ९२ हजार नोंदींत हाच त्रास ७५४ वेळा, म्हणजे जेमतेम ०.१३ टक्के आढळला होता. गुणोत्तर आले ५८६. नोंदी फक्त ४१ असूनही संबंध दुर्लक्षिता येण्याजोगा नव्हता.

सर्वसाधारणपणे गुणोत्तर २ वा अधिक, नोंदी किमान ३ आणि ‘काय-स्क्वेअर’ या संख्याशास्त्रीय कसोटीचे मूल्य ४ वा अधिक असल्यास ती जोडी तपासणीयोग्य मानली जाते. याच तत्त्वावर आधारित ‘आरओआर’ हे दुसरे गुणोत्तरही अनेक देशांत वापरले जाते.

नोंदी फारच थोड्या असतील तर ही गुणोत्तरे फसवी ठरतात. एखाद्या दुर्मीळ औषधाच्या दोनच नोंदी असतील आणि योगायोगाने दोन्ही एकाच त्रासाच्या असतील, तर गुणोत्तर आकाशाला भिडते. हा दोष टाळण्यासाठी बेझच्या संभाव्यता सिद्धान्तावर आधारित पद्धती विकसित झाल्या. उप्साला केंद्राने १९९८ मध्ये मांडलेली पद्धत ‘माहिती घटक’ नावाचे मूल्य काढते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनासाठी विल्यम ड्युमूशेल यांनी १९९९ मध्ये अशाच प्रकारची दुसरी पद्धत दिली. पुरावा कमी असेल तेव्हा या पद्धती निष्कर्ष जाणीवपूर्वक सौम्य करतात आणि नोंदी वाढत जातील तसा त्यांना अधिक वाव देतात.

संकेत म्हणजे निकाल नव्हे

संगणकाने दाखविलेली जोडी हा केवळ संशय असतो. औषधदक्षतेच्या परिभाषेत त्याला ‘संकेत’ म्हणतात. पुढील काम माणसाचे असते. भारतात तज्ज्ञांचे संकेत परीक्षण मंडळ मूळ नोंदी वाचते, वैद्यकीय साहित्य तपासते, जैविकदृष्ट्या असा संबंध संभवतो का याचा विचार करते. त्यानंतर शिफारस केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे जाते. औषधासोबतच्या माहितीपत्रकात इशारा घालणे, वापरावर मर्यादा आणणे किंवा क्वचित प्रसंगी औषध बंद करणे, हे निर्णय नियामक घेतो.

हे निर्णय सरळ नसतात. मधुमेहावरील पायोग्लिटाझोन या औषधाचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असल्याच्या शंकेवरून केंद्र सरकारने जून २०१३ मध्ये त्याचे उत्पादन व विक्री स्थगित केली. स्वस्त आणि परिणामकारक औषध रुग्णांपासून हिरावले जात असल्याची बाजू तज्ज्ञांनी मांडल्यानंतर जुलैअखेर स्थगिती उठविण्यात आली. मात्र वेष्टनावर ठळक इशारा छापण्याची अट घालण्यात आली.

गुणोत्तरे दिशाभूलही करू शकतात. एखाद्या औषधाबाबत वृत्तपत्रांत चर्चा झाली की त्याच्या नोंदी अचानक वाढतात. आजाराचे लक्षण हाच औषधाचा दुष्परिणाम समजला जाण्याची शक्यता असते. एकाच रुग्णाची नोंद डॉक्टर, कंपनी आणि रुग्ण अशा तिघांकडून आल्यास ती तीन वेळा मोजली जाऊ शकते. अशा दुबार नोंदी हुडकण्यासाठीही संगणकीय पद्धती वापराव्या लागतात.

सर्वांत मोठी मर्यादा समाजात मुळातच अधिक आढळणाऱ्या आजारांबाबत जाणवते. रोफेकॉक्सिब हे संधिवातावरील औषध १९९९ मध्ये बाजारात आले. त्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो, हे स्पष्ट झाल्यावर उत्पादक कंपनीने ३० सप्टेंबर २००४ रोजी ते जगभरातून मागे घेतले. हा निष्कर्ष स्वयंप्रेरित नोंदींतून नव्हे, तर तुलनात्मक चाचणीतून पुढे आला. वयस्क रुग्णाला हृदयविकाराचा झटका आला, तर डॉक्टर सांधेदुखीच्या गोळीवर संशय घेत नाही आणि नोंद होत नाही. थॅलिडोमाइडची विकृती दुर्मीळ होती म्हणून नजरेत भरली. रोफेकॉक्सिबचा परिणाम नेहमीच्या आजारांत मिसळून गेला.

भारतीय नोंदींची गरज

युरोप-अमेरिकेतील माहितीसाठे प्रचंड असताना भारताने वेगळी खटपट का करावी, असा प्रश्न विचारला जातो. कार्बामाझेपिन या अपस्मारावरील औषधाने त्याचे उत्तर दिले आहे. या औषधाने काही रुग्णांची त्वचा भाजल्याप्रमाणे सोलून निघते. ‘स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम’ नावाची ही प्रतिक्रिया प्राणघातक ठरू शकते. तैवानमधील संशोधकांनी २००४ मध्ये हान चिनी रुग्णांत तिचा संबंध ‘एचएलए-बी*१५०२’ या जनुकीय प्रकाराशी असल्याचे दाखविले. हा प्रकार आशियातील अनेक जनसमूहांत आढळतो, युरोपीय वंशाच्या लोकांत मात्र अत्यंत विरळ आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांची औषधापूर्वी जनुकीय चाचणी करण्याची शिफारस केली. केवळ युरोपीय नोंदी चाळल्या असत्या, तर हा संबंध समोर आला नसता.

भारतातील औषधवापरही वेगळा आहे. क्षयरोगाची औषधे, सर्पदंशावरील प्रतिविष, मलेरियाची औषधे यांचा वापर येथे मोठ्या प्रमाणावर होतो. एकाच गोळीत अनेक घटक असलेल्या संयुक्त औषधांची बाजारपेठही मोठी आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये अशा ३२८ संयुक्त औषधांवर बंदी घातली होती. अशी गोळी घेतल्यावर त्रास झाला, तर तो कोणत्या घटकामुळे झाला, हे ठरविणे अवघड असते. त्यातच एकच घटक शेकडो व्यापारी नावांनी विकला जातो. नोंदीत केवळ व्यापारी नाव असेल, तर त्यामागील घटक अचूक ओळखल्याखेरीज संगणकाची आकडेमोड निरर्थक ठरते.

कोरी राहणारी रकाना

आणखी एक अडचण औषध दुकानाच्या गल्ल्यावरच सुरू होते. पूर्ण पट्टी न घेता दोन-चार गोळ्या कापून घेण्याची रीत सर्वत्र आहे. बॅच क्रमांक आणि मुदत पट्टीवर बहुधा एकाच ठिकाणी छापलेली असते. तो भाग दुकानातच राहिला, तर रुग्णाकडे औषधाची पूर्ण ओळख उरत नाही. नंतर अर्ज भरताना बॅच क्रमांकाची रकाना कोरी राहते. त्रास औषधाच्या गुणधर्मामुळे झाला की एखाद्या सदोष बॅचमुळे, हे मग सांगता येत नाही. चिठ्ठीविना घेतलेल्या गोळ्यांची तर कोठे नोंदच नसते.

मेफेनॅमिक ॲसिडच्या उदाहरणात हीच बाब महत्त्वाची आहे. ड्रेस सिंड्रोम बहुधा औषध सुरू केल्यानंतर २ ते ८ आठवड्यांनी प्रकट होतो. ताप, अंगभर पुरळ, लसिका ग्रंथींना सूज, रक्तातील इओसिनोफिल पेशींत वाढ आणि यकृत वा मूत्रपिंडासारख्या अवयवांवर परिणाम, ही त्याची लक्षणे होत. सुमारे १० टक्के रुग्णांत तो प्राणघातक ठरू शकतो, असे वैद्यकीय साहित्यात नमूद आहे. महिन्यापूर्वी पोटदुखीसाठी घेतलेल्या गोळ्या रुग्णाला आठवत नाहीत, डॉक्टर विचारत नाही आणि ताप-पुरळ पाहून निदान विषाणुजन्य आजाराचे होते. संशयित औषध वेळीच थांबविणे हा उपचाराचा पाया असल्याने ही विस्मृती जिवावर बेतू शकते.

नोंदींच्या तुटवड्याचा हा प्रश्न केवळ भारताचा नाही. लोर्ना हेझेल आणि साद शाकिर यांनी २००६ मध्ये १२ देशांतील ३७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात न नोंदल्या गेलेल्या प्रतिक्रियांचे मध्यक प्रमाण ९४ टक्के आढळले. म्हणजे घडणाऱ्या १०० प्रतिक्रियांपैकी साधारण सहाच कागदावर येत होत्या. कामाचा ताण, ‘हा दुष्परिणाम तर सर्वांना माहीतच आहे’ ही समजूत, कायदेशीर कटकटीची भीती आणि पूर्ण खात्री झाल्याशिवाय नोंद करू नये हा गैरसमज, ही कारणे या विषयाच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळतात.

या संदर्भात बंगळुरूचे चित्र लक्षणीय आहे. शहरातील सेवा कंपन्यांत जगभरातील औषध कंपन्यांसाठी सुरक्षा-अहवालांची छाननी, वर्गीकरण आणि विश्लेषण चालते. औषधशास्त्र आणि जीवशास्त्राच्या हजारो पदवीधरांना या कामाने रोजगार दिला आहे. माहिती चाळण्याचे कौशल्य येथे विपुल आहे. तथापि त्याच शहरातील वस्त्यांत, औषध दुकानात किंवा लहान दवाखान्यात घडलेली प्रतिक्रिया त्या माहितीपर्यंत पोहोचेलच, याची शाश्वती नाही. मुंबई, पुणे वा नागपूरची स्थितीही याहून निराळी म्हणता येणार नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने डॉक्टरांचे मुक्त लेखन, रुग्णालयातून घरी सोडतानाचा सारांश आणि शोधनिबंध वाचून त्यांतून औषध व प्रतिक्रिया यांच्या जोड्या वेगळ्या काढण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. नोंदी संकलित करण्याचे आणि त्यांना प्रमाणित वैद्यकीय संज्ञा देण्याचे काम त्यामुळे जलद होऊ शकते. कोणी अर्ज भरण्याची वाट न पाहता लाखो रुग्णांच्या विमा व उपचार नोंदी तपासणारी ‘सेंटिनेल’ ही यंत्रणा अमेरिकेत आहे. अशा यंत्रणेत औषध किती जणांनी घेतले, हा आकडाही उपलब्ध असतो. भारतात मात्र अनेक दवाखान्यांतील नोंदी अजून कागदावरच असल्याने नजीकच्या काळात स्वयंप्रेरित अहवाल हाच मुख्य आधार राहणार आहे.

कंपन्यांवरही कायद्याने जबाबदारी टाकली आहे. मार्च २०१६ मधील अधिसूचनेनुसार उत्पादक व आयातदारांना औषधदक्षतेची व्यवस्था ठेवणे बंधनकारक झाले. नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम, २०१९ नुसार नव्या औषधाचा सुरक्षा अहवाल पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी आणि पुढील दोन वर्षे वार्षिक सादर करावा लागतो. गंभीर आणि अनपेक्षित प्रतिक्रियेची माहिती १५ दिवसांत देणे आवश्यक असते.

रुग्णांनी काय करावे?

दुष्परिणामाची नोंद केवळ डॉक्टरनेच करावी, असे नाही. परिचारिका, औषध विक्रेते, रुग्ण आणि त्यांचे नातेवाईकही ती करू शकतात. रुग्णांसाठीचा सोपा अर्ज आयोगाने मराठी व कन्नडसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिला आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर कामाच्या दिवशी कार्यालयीन वेळेत माहिती देता येते. भ्रमणध्वनीवरील ॲपचीही सोय आहे.

नोंद उपयुक्त ठरण्यासाठी तज्ज्ञ काही साध्या गोष्टी सुचवितात. औषधाची पट्टी, वेष्टन व पावती उपचार संपेपर्यंत जपून ठेवावी. सुट्या गोळ्या घेतल्यास बॅच क्रमांक पावतीवर नोंदवून घ्यावा. औषध कोणत्या तारखेला सुरू केले आणि त्रास कधी सुरू झाला, हे लिहून ठेवावे. डॉक्टरला दाखविताना गेल्या दोन महिन्यांत घेतलेली सर्व औषधे सांगावीत. त्यात चिठ्ठीविना घेतलेल्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे आणि पूरक आहारही आले. पूर्वी एखाद्या औषधाची ॲलर्जी झाली असल्यास तिची लेखी नोंद जवळ बाळगावी.

मात्र सूचना वाचून घाबरून नियमित औषधे परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. विशेषतः अपस्मार, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार व क्षयरोगाची औषधे डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय थांबवू नयेत. औषध घेतल्यानंतर पुरळासह ताप, चेहऱ्याला किंवा ओठांना सूज, तोंडात वा डोळ्यांत फोड, श्वासाला त्रास किंवा कावीळ दिसल्यास मात्र विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

दरवर्षी १७ ते २३ सप्टेंबर या काळात देशात राष्ट्रीय औषधदक्षता सप्ताह पाळला जातो. अहवाल देण्याची सवय डॉक्टर, औषध विक्रेते आणि रुग्ण यांच्यात रुजावी, हा त्यामागील उद्देश आहे. संख्याशास्त्राच्या निकषानुसार एखादी जोडी तपासणीस पात्र ठरण्यासाठी किमान तीन नोंदी पुरेशा असतात. त्यामुळे दुर्मीळ दुष्परिणामाच्या बाबतीत भरलेला एखादा अर्जही निर्णायक ठरू शकतो.